डोळ्यांखालचं काजळ

शनिवारी दुपारी पावणेचारला टॅव्हियन रड एल्डन कॉलेजच्या मैदानावर अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात पडला आणि उठला नाही. त्याच्यावर धडकलेला वेंडेल क्राउस उठला. तीस हजार प्रेक्षक वेंडेलच्या नावाने ओरडत होते. त्याचं नाव त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदाच घेतलं होतं.

टॅव्हियन गेल्या वर्षापर्यंत एल्डनचाच होता. समोरच्या संघाची किक झेलून, चेंडू घेऊन त्यांच्याच दिशेने पळत सुटण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. उन्हाळ्यात तो मार्श हिल कॉलेजला गेला आणि गावाने त्याचं नाव 'पळपुट्या' ठेवलं. सकाळी मार्श हिलची बस आली तेव्हा तिच्यावर अंडी फेकली गेली. वेंडेल आणि तो दोन वर्षं एका खोलीत राहिले होते. वेंडेल अजून त्याच खोलीत होता आणि अजून स्वतःच्या खर्चाने खेळत होता. पैसे भरून आत आलेला, म्हणून शिष्यवृत्तीवाली मुलं त्याला 'तिकीटवाला' म्हणत.

किकच्या वेळी धावणारी तुकडी कोच ह्रुस्कांच्या हाताखाली होती. एल्डनचा किकर चेंडू गोलरेषेपलीकडे सहज पोचवायचा. तसं झालं की झेलणारा पळत नाही, चेंडू ठरलेल्या जागी ठेवतात आणि कोणाला खरचटतही नाही. ह्रुस्कांना ते नको होतं. किक उंच जाऊ दे, रेषेच्या अलीकडे कोपऱ्यात पडू दे, असं त्यांनी आठवडाभर घोटून घेतलं. म्हणजे टॅव्हियनला चेंडू घ्यावाच लागेल, आणि तोवर धावणारे त्याच्या अंगावर पोचलेले असतील.

त्याला सुटायला एकच वाट होती. चेंडू हवेत असताना झेलणाऱ्याने हात डोक्यावर नेऊन हलवला, की त्याला कोणी शिवायचं नाही. त्यालाही मग पळता येत नाही. पण ऊन अडवायला धरावा तसा नुसता तळवा डोळ्यांवर धरला, तर त्याला काही अर्थ नाही. टॅव्हियन नेमकी तीच फसवणूक करायचा. तळवा कपाळाशी न्यायचा, धावणारे चुकून थबकायचे आणि हा त्यांच्यामधून निसटायचा. ही युक्ती त्याला ह्रुस्कांनीच शिकवली होती. खरा हात त्याने कधीच हलवला नव्हता. हलवणाऱ्यांना तो भित्रे म्हणायचा.

"तो हात वर करील," ह्रुस्का शुक्रवारी म्हणाले होते. "खोटं असेल ते. जो थांबेल त्याने सोमवारी संघाचे कपडे जमा करायचे." मग वेंडेलकडे पाहून म्हणाले, "आणि जो थांबणार नाही, त्याची शिष्यवृत्ती सोमवारी पक्की. ऐकलंस ना, तिकीटवाल्या?"

शेवटच्या सत्रात एल्डन तीन गुणांनी पुढे होतं. किकआधी ह्रुस्कांनी डबी काढली आणि सगळ्या धावणाऱ्यांच्या डोळ्यांखाली स्वतःच्या अंगठ्याने काजळाचे जाड पट्टे ओढले; समोरून ऊन आलं की खेळाडू डोळे दिपू नयेत म्हणून ते लावतात. आता डोळे दिपले म्हणून कोणी सांगायचं नाही, असा दम भरला.

किक हवी तशी गेली. वेंडेलने अडवायला आलेल्या दोघांना चुकवलं. आधीच्या एका किकला टॅव्हियन जोरात आपटला होता आणि तेव्हापासून डावा पाय जरा ओढत होता. तो वर चेंडूकडे पाहत होता. मग क्षणभर त्याने समोर पाहिलं, वेंडेलला ओळखलं आणि हात वर नेला. कपाळाशी नाही. हेल्मेटच्या वर, पूर्ण लांब करून, आणि खिडकीची काच पुसावी तसा दोनदा हलवला.

वेंडेलने ते पाहिलं. थांबायला जागाही होती. तो थांबला नाही.

चेंडू टॅव्हियनच्या बोटांना लागून सुटला, एल्डनने उचलला. हात हलला तेव्हा पंचांच्या आड माणसं आली होती. शिट्टी वाजली नाही. टॅव्हियनला फळीवर बांधून नेताना थोड्या टाळ्या झाल्या. वरच्या रांगांतून कोणी तरी म्हणालं, पळ की आता. ह्रुस्कांनी वेंडेलच्या हेल्मेटची जाळी धरून त्याचं तोंड जवळ ओढलं.

"डोळ्यांवर ऊन आलं म्हणून त्याने तळवा धरला," ते हळू म्हणाले. "तू एवढंच पाहिलंस."

सामना एल्डनने जिंकला. कपडे बदलायच्या खोलीत मुलांनी वेंडेलला खांद्यावर घेतलं. याच्या तिकिटाचे पैसे परत करा रे, म्हणून हसले. तो अंघोळीलाही गेला नव्हता, तेवढ्यात मार्श हिलच्या तक्रारीवरून स्पर्धा मंडळाच्या लोर्ना फायफर आल्या आणि त्यांनी त्याला बाजूच्या खोलीत बसवलं. ह्रुस्का दाराशी उभे राहिले. कॅमेऱ्यांत हात वर जाताना दिसत होता, त्याने पुढे काय केलं ते दिसत नव्हतं. टॅव्हियनशी बोलायला डॉक्टर परवानगी देत नव्हते. म्हणून वेंडेल काय सांगतो यावरच सगळं होतं.

वेंडेलने सांगायचं ते सांगितलं. बाईंनी पुन्हा विचारलं, त्याने पुन्हा तेच सांगितलं. तळवा ऊन अडवायलाच धरला होता, हे कशावरून?

"ऊन होतंच ना, मॅडम. सरळ त्याच्या डोळ्यांवर."

बाईंनी मान वर केली. त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं.

"तुम्ही दोघं समोरासमोर होतात ना?" त्या म्हणाल्या. "ऊन त्याच्या डोळ्यांवर, म्हणजे तुझ्या पाठीवर. मग काजळ तुला कशाला लावलंय?"

वेंडेलचा हात गालाकडे गेला. बोटं काळी झाली. दाराशी आता ह्रुस्का नव्हते.

साडेसहाच्या सुमारास हॉस्पिटलमधून निरोप आला. टॅव्हियन शुद्धीवर आहे, सांगितलेलं त्याला कळतं. डॉक्टरांनी त्याला हात वर करायला सांगितलं आहे. अजून झालेला नाही.