जुना पासवर्ड

घरून ऑफिसला जोडणारा व्हीपीएन लागला, पण ऑफिसच्या शेअर्ड फाइल्स काही तिला उघडेनात. खातं पुन्हा लॉक झालं होतं.

"मॅडम, तुमच्याच घरातून कुणीतरी तुमचा जुना पासवर्ड टाकतंय," फोनवर आयटीवाला म्हणाला. "आता मला वर कळवावं लागेल."

फोन तसाच कानाला लावून ती तरातरा मागच्या खोलीत गेली. कपाटात टाकून दिलेला तिचा जुना लॅपटॉप सासऱ्यांच्या मांडीवर सुरू होता. सुरू झाला की तो आपला आपणच, जुन्याच पासवर्डने, ऑफिसच्या फाइल्स उघडायला जायचा आणि तिचं खातं लॉक करून बसायचा.

सासरे ओशाळले. "काही बिघडवलं नाही गं. हिला बघत होतो."

पडद्यावर, नुकत्याच गेलेल्या सासूबाई हसत होत्या.

"सापडलं का मॅडम, कोण ते?"



"ते राहू द्या. माझा जुनाच पासवर्ड परत चालू करता येईल का?"