सपाट वाट

उज्वलाच्या सासरहून माहेरी येणारी वाट म्हणजे चढ नाही की उतार नाही. बाभळीचं बन, मग तळं, तळ्याला वळसा घातला की गाव. या उन्हाळ्यात तिसऱ्यांदा ती त्या वाटेने आली, आणि चहाचा घोट घशाखाली उतरतो न उतरतो तोच तिचा बाप सावळीराम तिची पिशवी खांद्याला लावून तिला परत पोचवायला निघालाही.

"दादा, या खेपेला त्यांनी गळा धरला माझा."

"रागाच्या भरात हात उठतो माणसाचा." सावळीराम मागे न बघता चालत होता. "ते बघ, तळ्यावर बगळे किती उतरलेत."

"नका ना नेऊ. गोठ्यात पडून राहीन मी."

"लोक काय म्हणतील, पोरी? चल, सपाट तर वाट हाय. ऊन व्हायच्या आत पोचू."

तळ्याच्या काठावर ती मटकन खाली बसली. लहानपणी तिला खांद्यावर घेऊन या बनातून जाताना बापच सांगायचा, चकवा लागला की माणूस कितीही चालला तरी फिरून त्याच जागी येतो. मग उजव्या पायातली चप्पल डाव्या पायात घालायची, म्हणजे वाट सापडते.

तिने चपला काढल्या आणि पाय बदलून घातल्या.

"हे काय करतीस?"

"चकवा लागलाय, दादा. दर खेपेला माहेरची वाट धरते, अन् सासरीच पोचते."