खाटेवरचा पेशंट

वॉर्डात बावीस वर्षं काढल्यावर स्वतः औषध लिहून द्यायचा परवाना हवा, म्हणून सिस्टर परीक्षेला बसल्या होत्या. तिसरी वेळ, म्हणजे नियमाप्रमाणे शेवटची. खाटेवर प्लॅस्टिकचा पुतळा होता, त्यालाच पेशंट म्हणायचं. शेजारी खुर्चीत परीक्षक.

"सर, तुम्हाला दरदरून घाम फुटलाय. डावा हात दुखतोय का?"

"प्रश्न मी विचारायचे, बाई. तुम्ही पेशंटकडे बघा."

"पेशंट बराय, सर. तुमचंच काही खरं दिसत नाही."

"याला गुण नाहीत," एवढं म्हणून परीक्षक खुर्चीतून घसरले.

सिस्टरनी पुतळ्याला उचलून खुर्चीत बसवलं, परीक्षकांना खाटेवर आडवं केलं आणि अँब्युलन्स येईपर्यंत त्यांची छाती दाबत राहिल्या. पुतळ्याने काही हरकत घेतली नाही.

महिन्याभराने निकाल आला. नापास. शेरा होता, 'काही कारण नसताना पेशंटला खाटेवरून उतरवले.' खाली परीक्षकांची सही होती. हात जरासुद्धा थरथरला नव्हता.