पत्रकातली पावलं

शहरातली जुनी ठिकाणं आपली आपण पायी पाहता यावीत, म्हणून पर्यटन कचेरीने पत्रक छापलं होतं. कस्टम हाउस ते घड्याळाचा मनोरा, दोनशे बारा पावलं. माझी बरोबर तेवढीच भरली. ह्यांची एकशे सत्तर.

"तुझ्यासारखंच तुरुतुरु चालत कुणीतरी मोजलं असेल," हे म्हणाले.

मला चेव आला. वाचनालयाकडे जाताना मुद्दाम दोनदा मागे फिरले, उभ्या मोटारीला वळसा घातला. तरी पत्रकातलाच आकडा आला.

शेवटी बंदरातला जुना धक्का: टोकापर्यंत एकाहत्तर पावलं. ह्यांनी बाकावर बसकण मारली. मी मोजत निघाले.

साठाव्या पावलाला धक्का संपला. पुढे नुसतं पाणी.

"अगं, थांब," मागून हे ओरडले.

मी थांबलेच होते. तुरुतुरु पावलं मात्र माझ्यापुढे, पाण्यावर वाजत होती. एकसष्ट. बासष्ट.