आत्याबाईंची पेटी

बद्रीनाथ आणि सत्यशीला हे नवरा-बायको बिबवेवाडीत चित्रं पॅक करून परदेशी पाठवत. आयटी कंपनीतल्या तेजसची बदली अमेरिकेला झाली, म्हणून त्याने दिवंगत आत्याचं तैलचित्र त्यांच्याकडे दिलं. बद्रीनाथने ते बबल रॅपमध्ये गुंडाळून लाकडी पेटीत ठेवलं आणि वर खिळे ठोकले.

तेवढ्यात आतून आवाज आला. फट्.

"उंदीर असेल," बद्रीनाथ म्हणाला.

"उंदीर असा चवीचवीने फुगे फोडत बसतो का?" सत्यशीलाने विचारलं.

फट्. फट्.

टेम्पो दारात उभा होता, तरी त्यांनी पेटी उघडली. एकूण एक फुगा फुटला होता. आत्याबाई मात्र चित्रात मांडीवर हात ठेवून शांत बसल्या होत्या.

बद्रीनाथने घाबरून तेजसला फोन लावला.

"आत्याला रिकामं बसवतच नसे हो," तेजस हसला. "पाठवा तुम्ही बिनधास्त."

या वेळी त्यांनी चित्र जाड गोधडीत गुंडाळलं. पेटी गप्प राहिली. दोघांच्या जिवात जीव आला.

"काय आत्याबाई, निघायचं ना अमेरिकेला?" पेटी उचलता उचलता सत्यशीलाने थट्टा केली.

"विचारलंत एकदाचं!" आतून कोरडं उत्तर आलं.