बाबांनी जोडलेला कॉम्प्युटर

"पार्ट तू निवड, जोडणी माझ्याकडे," घड्याळं दुरुस्त करण्यात हयात गेलेले बाबा फोनवर ऐटीत म्हणाले होते. लेकीने ऑफिसच्या धबडग्यात, कशाला काय जुळतं ते वरवर बघून, सगळे पार्ट घरी मागवून दिले. नंतर कधीही विचारलं की बाबांचं उत्तर ठरलेलं, "एकदम झकास चालतोय!"

सुट्टीत ती घरी आली, तर कॉम्प्युटरवर चादर. तिने बटण दाबलं. पंखे फिरले, दिवा लागला, पण स्क्रीन काळी ठिक्कर. झाकण काढून पाहिलं, तर एकेक वायर जिथल्या तिथे, एक स्क्रू सैल नाही.

मग तिने मोबाईलवर मागवलेल्या पार्टांची यादी उघडली. तिने निवडलेल्या प्रोसेसरला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं, त्याशिवाय स्क्रीनवर काही दिसतच नाही. आणि ते कार्ड मागवायलाच ती विसरली होती.

"बाबा, अहो मला सांगायचं नाही का?"



"कुठल्या तोंडाने सांगू?" बाबा दोन्ही हात पाठीमागे लपवत म्हणाले. "या हातांचा आता भरवसा राहिला नाही, हे या कॉम्प्युटरने दाखवलं आणि मी घड्याळांचं दुकानच विकून टाकलं."