अँटेनाला दोन माणसं लागतात

आर्विड नवव्यांदा शिडीवरून उतरला. दाराच्या पायरीवर बसून त्यानं बूट काढले, मोज्यांवर बैठकीच्या खोलीत गेला आणि टीव्हीपुढे उभा राहिला. अर्धा चेहरा आणि बाकी सगळे चौकोन. तो परत पायरीवर आला, बूट चढवले, शिडी चढला. घरात बूट घालून फिरायचं नाही, हा नियम त्याच्या बायकोचा, मार्लिसचा. तिला जाऊन तीन वर्षं झाली, पण नियमाला कोणी सुट्टी दिली नव्हती.

अँटेनाची नळी बोटभर फिरवायची आणि खाली जाऊन बघायचं, हे एकट्याचं काम नव्हे. याच भिंतीवर जुनी अँटेना बसवली तेव्हा आर्विड वर होता आणि मार्लिस खिडकीत. ती ओरडून सांगायची, ‘आलं’, ‘गेलं’, ‘आलं होतं की, कशाला हात लावलास’. पाच मिनिटांत काम फत्ते झालं होतं.

सकाळीच तो शेजारच्या गावात जाऊन केबलचा डबा परत देऊन आला होता. बंद का करताय, असं काउंटरवरच्या मुलीनं विचारलं. “दोनशे चॅनेल आहेत,” तो म्हणाला, “मी एकच बघतो.” ते एक म्हणजे साठ मैलांवरच्या शहरातलं, सहाच्या बातम्या देणारं. बातम्यांशी त्याला फारसं देणंघेणं नव्हतं. सहा वाजून दहा मिनिटांनी हवामान सांगणारा डेल यायचा आणि आर्विड त्याच्याबरोबर जेवायचा. घर गप्प असलं की त्याच्या घशाखाली घास उतरत नसे. हे त्यानं कोणाला सांगितलेलं नव्हतं. आता साडेपाच वाजले होते.

समोरच्या घरातून व्हर्ना बाहेर आली. तीही एकटीच राहायची.

“आर्विड, मदत करू का?” ती रस्त्यापलीकडून म्हणाली.

“नको, जमतंय.”

“नक्की?”

“तुम्हाला कशाला उगाच त्रास.”

त्यांच्या गावात कोणालाही काही विचारायचं ते तीनदा. कॉफी असो, केकचा तुकडा असो की शिडी धरणं असो, पहिले दोन नकार शिष्टाचाराचे. तिसऱ्यांदा विचारलं की माणूस ‘बरं, तुम्ही म्हणताच आहात तर’ म्हणून मोकळा होतो. आर्विड नळी धरून तिसऱ्या वेळेची वाट बघत राहिला. व्हर्ना थोडा वेळ उभी राहिली, गारठ्यानं हात काखेत घातले आणि घरात निघून गेली. दार लागलं. आर्विडला वाईट वाटलं आणि वाईट वाटल्याचा रागही आला. त्यानं नळीला हिसका दिला.

“गेलं,” मागून आवाज आला.

आर्विडचा हात जागच्या जागी थांबला. मग त्यानं नळी हळूच उलटी फिरवली.

“आलं. अजून थोडं. गेलं, मागं घ्या. बस. आता हात लावू नका.”

त्यानं शिडी घट्ट धरून मान वळवली. व्हर्ना आपल्या स्वयंपाकघराची खिडकी वर सरकवून बाहेर वाकली होती. खांद्यावर भांडी पुसायचं फडकं होतं.

“तिथून माझा टीव्ही दिसतो?”

“तुम्ही खिडकीचा पडदा कधी ओढता? आवाज येत नाही, पण डेलनं हात कुठून कुठं फिरवला ते दिसतं. त्यावरून मी कपडे बाहेर वाळत घालायचे की नाही ते ठरवते.”

“तुमच्याकडं टीव्ही आहे की.”

“आहे ना.” ती खिडकीचा स्वच्छ काठ फडक्यानं पुसू लागली. “बुधवारी तुम्ही डेल यायच्या आधीच खुर्चीत झोपलात. जेवायचा काटा हातातच होता. आज दुपारी टीव्ही काळा दिसला. मला वाटलं, गेलात की काय.”

“मी नाही,” आर्विड म्हणाला. “केबल गेली.”

“हं.”

दोघंही थोडा वेळ अँटेनाकडं बघत राहिले. बघण्यासारखं तिच्यात काही नव्हतं.

“कॉफीला या,” तो म्हणाला.

“नको, ओव्हनमध्ये भांडं ठेवलंय.”

“नुसती कॉफी.”

“नको हो, तुम्हाला कशाला उगाच त्रास.” तिनं खिडकी खाली ओढली.

आर्विड उतरला, शिडी आडवी ठेवली, बूट काढले. आत चित्र लख्ख होतं. त्यानं कालचं जेवण गरम केलं, थाळी मांडीवर घेतली. सहा वाजले, बातम्या झाल्या, डेल आला. आज रात्री पहिला बर्फ पडेल म्हणाला, आणि हात उत्तरेकडून खाली फिरवला. आर्विडनं खिडकीतून समोर बघितलं. व्हर्नाच्या स्वयंपाकघरात दिवा होता, पण खिडकीत कोणी नव्हतं. त्यानं घास तोंडात घातला. डेल बोलत होता, घर गप्प नव्हतं, तरी घास खाली जाईना.

त्यानं थाळी खाली ठेवली आणि उठला. रस्ता अर्धा ओलांडल्यावर गार डांबर लागलं, तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की पायांत नुसते मोजे आहेत. मागं न वळता तो पलीकडं गेला आणि दार वाजवायला हात उचलला.

दार आधीच उघडलं. व्हर्ना उंबऱ्यात उभी होती. अंगात कोट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, हातात टॉवेलात गुंडाळलेलं भांडं. भांडं आता गार होत आलं होतं.